मदत हवी: मामाचा जुना डीएसएलआर ठेवू की मित्राचा खिशातला कॅमेरा घेऊ? (शुक्रवारी जत्रा, लवकर सांगा)

माडाखालचा
नमस्कार. थोडक्यात विचारतो. मामाने त्याचा डीएसएलआर मला देऊन टाकलाय, बॅगेसकट. इकडे एक मित्र त्याचा छोटा कॅमेरा १४ हजारांना देतोय. दोन दिवस दोन्ही घरात आहेत. पडवीत संध्याकाळी फोटो काढून बघितले तर छोट्याचे लख्ख येतात आणि मोठ्याचे धुरकट, जणू काचेवर कोणी वाफ सोडलीय. दिव्याभोवती तर गोल गोल वलयं दिसतात. एवढा मोठा कॅमेरा असून असं का? सेन्सर (आतला उजेड टिपणारा भाग) म्हातारा होतो का? मित्राला उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय. कुठला ठेवू तेवढं सांगा. इतिहास नको.

शटरबंद
मॉडेल?

कोकणकन्या
दोन्हींची नावं सांगा, लेन्स कुठली ते सांगा, कशाचे फोटो काढणार ते सांगा. "मोठा" आणि "छोटा" यावरून बाजारात कोलंबीसुद्धा मिळत नाही.

वाफाळता चहा
हल्ली कॅमेरा कोण घेतं? चांगला फोन घ्या. रात्रीचा मोड असतो, हात लावला की दिवस होतो. १४ हजारांत थोडे घाला आणि फोनच घ्या.

माडाखालचा
फोन आहे माझ्याकडे. फोनचं विचारलंच नाहीये.
मोठा म्हणजे निकॉन डी९०. छोटा सोनी आरएक्स१००, पहिला. लेन्स जी कॅमेऱ्याला लावलेली होती तीच, १८-१०५ असं लिहिलंय. फोटो जत्रेचे काढायचेत, वर लिहिलंय ना.

शटरबंद
जत्रेत काय? पालखी, दुकानं, माणसं, पाळणा? दिवसा की रात्री?

माडाखालचा
दशावताराचे. रात्रीच असतो ना दशावतार, सगळ्यांना माहीत आहे. माझा आतेभाऊ यंदा पहिल्यांदा स्त्री-पार्ट करतोय, कंपनीवाल्यांनाही फोटो हवेत.

मिरगाचो पाऊस
मेल्या, खयची जत्रा ता आदी सांग. आणि फ्लॅश मारू नको हां. आमच्या हयसर एका पोरान राजाच्या तोंडार फ्लॅश मारल्यान, तर राजा बाकड्यावरसून खाली उतारलो आणि तेका इचारल्यान, "काय रे, इज पडली काय?" फुडचा अर्धा तास तेच्यावरच संवाद.

शटरबंद
मग विषय संपला. आरएक्स१०० घ्या. डी९० ऑगस्ट २००८ चा, १२.३ मेगापिक्सेल. आरएक्स१०० २०१२ चा, २०.२ मेगापिक्सेल. शिवाय भिंग एफ १.८ (हा आकडा जेवढा लहान तेवढं उजेडाचं छिद्र मोठं), तुमची १८-१०५ सुरूच ३.५ ला होते. अंधारात १.८ म्हणजे जवळजवळ चौपट उजेड. वजन २४० ग्रॅम. डी९० नुसता ६२० ग्रॅम, वर लेन्स ४२० ग्रॅमची. पहाटेपर्यंत एक किलो गळ्यात घालून बसणार का?

त्रैराशिक
शटरबंद, अर्धंच गणित सांगितलंत. डी९० चा सेन्सर २३.६ × १५.८ मिमी, आरएक्स१०० चा १३.२ × ८.८. क्षेत्रफळ ३७३ विरुद्ध ११६ चौरस मिमी, म्हणजे तिपटीहून जास्त. भिंग चौपट उजेड आत घेतं, पण तो तिसरा हिस्सा जागेवर पडतो. निव्वळ रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, दोघं जवळजवळ बरोबरीत. आता झूम करा. आरएक्स१०० चं १.८ झूम करताना घसरत ४.९ वर येतं. तिथे तुमची चौपट गेली आणि तिप्पट मोठा सेन्सर मात्र डी९० कडेच राहिला. दशावतार रुंद टोकाने कोण काढतं? देवळाच्या सभामंडपाच्या खांबासकट नट मुंगीएवढा दिसेल.

शटरबंद
२००८ चा सेन्सर आणि २०१२ चा सेन्सर यात काही फरक आहे की नाही? नुसतं क्षेत्रफळ मोजून शेती करता येते, फोटोग्राफी नाही.

त्रैराशिक
फरक आहे. तिप्पट नाही.

वाफाळता चहा
फोनमध्ये सेन्सर-बिन्सर काही बघावं लागत नाही.

कोकणकन्या
चहा, फोनचा रात्रीचा मोड एकामागून एक बऱ्याच चौकटी घेऊन त्यांची बेरीज करतो. नट स्थिर बसलेला असेल तर छान. युद्धाच्या प्रवेशात राजाच्या हातात तीन तलवारी दिसतात. काढलेत मी तसे.

धागाकर्ते, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. धुरकटपणा आणि दिव्याभोवती वलयं ही सेन्सर म्हातारा झाल्याची लक्षणं नाहीत. कॅमेरा किती पावसाळे आणि कशात ठेवला होता?

माडाखालचा
मामाच्या वेंगुर्ल्याच्या घरात, लोखंडी कपाटात, चामड्याच्या बॅगेत. चार-पाच पावसाळे झाले असतील. मामा मुंबईला असतो, घर बंद असतं. पण बॅग कोरडी होती. थोडा वास येत होता, तो चामड्याचा.

कोकणकन्या
तो चामड्याचा नाही, बुरशीचा. आत्ताच्या आत्ता हे करा: लेन्स काढा, दोन्ही झाकणं काढा, खोलीत अंधार करा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा पाडा आणि पुढून आत बघा. काय दिसतं ते लिहा.

माडाखालचा
अरे बापरे. आत कोळ्याचं जाळं आहे. नाही, जाळं नाही, झाडाची मुळं पसरतात तसं एका कडेने आत आलंय. आणि मधे धुकट पापुद्रा. बाहेरून पुसलं, जात नाही.

कोकणकन्या
आतल्या भिंगावर आहे, पुसून जाणार नाही. बुरशी काचेवरच्या लेपावर वाढते, जास्त काळ राहिली तर लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतो. लेन्स उघडून साफ करतात, पण शुक्रवारपर्यंत ते होणार नाही. निदान एवढं कळलं की दोष लेन्सचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. म्हणजे तुम्ही दोन दिवस डी९० आणि आरएक्स१०० यांची तुलना करतच नव्हता. बुरशी आणि आरएक्स१०० यांची करत होता.

नारळीपौर्णिमा
कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवा. तीन दिवस. आमच्या ह्यांचा मोबाइल समुद्रात पडला होता तेव्हा आम्ही उकड्या तांदळात ठेवला, अजून चालतो.

त्रैराशिक
ताई, कृपया नको. तांदळाची पूड आत जाते आणि वाढलेली बुरशी काही मरत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की दमट झाले, मंद आचेवर तव्यावर भाजले की परत निळे. त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा, त्यावर पुन्हा भाकरी करू नका. आणि चामड्याची बॅग आजच बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं.

नारळीपौर्णिमा
मोबाइल चालतोय हे मी खोटं सांगत नाहीये.

पुणेरी पाहुणा
या जत्रेला यायचं तर तुतारीने सावंतवाडीला उतरून पुढे रिक्षा मिळेल का? रात्री परतीची सोय? घरगुती राहण्याची व्यवस्था असल्यास कळवा, शाकाहारी.

मिरगाचो पाऊस
तुतारी सावंतवाडीकच संपता, उतरूकच लागतला. जत्रेक शाकाहारी म्हणजे खाजा आणि भजी. परतीची सोय सकाळची पयली एसटी.

माडाखालचा
कृपया जत्रेच्या गाड्यांचा दुसरा धागा काढा. मला उद्यापर्यंत उत्तर हवंय. म्हणजे आता आरएक्स१०० घेऊच का? बॅगेत आणखी एक छोटी लेन्स आहे, पण ती बिघडलेली आहे. झूमच होत नाही. लावली तर वरच्या पट्टीवर एफ ई ई असं लुकलुकतं आणि बटण दाबून फोटोच निघत नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं.

त्रैराशिक
थांबा. तिच्यावर काय लिहिलंय?

शटरबंद
एक मिनिट. ५० आणि १.८ असं लिहिलंय का?

माडाखालचा
हो. ५० आणि १:१.८ डी. तुम्हाला कसं कळलं?

शटरबंद
मी माझा सल्ला मागे घेतो. मित्राला नाही म्हणून सांगा.

कोकणकन्या
ती बिघडलेली नाही हो! ती झूम होतच नसते. चालून पुढे-मागे व्हायचं. लेन्सवर एक फिरणारी कडी आहे, तिच्यावर १.८ पासून २२ पर्यंत आकडे आहेत. २२ चा आकडा नारिंगी असेल. कडी फिरवून २२ वर आणा, बाजूला छोटा खटका आहे तो सरकवून अडकवा. एफ ई ई म्हणजे "कडी सर्वांत लहान छिद्रावर नाही" अशी कॅमेऱ्याची तक्रार. त्यानंतर छिद्र किती उघडायचं ते कॅमेऱ्याच्या चक्राने ठरवायचं. आणि आधी तिच्यातही टॉर्च मारून बघा.

माडाखालचा
टॉर्च मारला. स्वच्छ आहे, एक-दोन धुळीचे कण. कडी २२ वर आणली. एफ ई ई गेलं!!! पडवीत आईचा फोटो काढला, तांदूळ निवडताना. सुपातले खडे मोजता येतील. चार पावसाळे ही त्याच बॅगेत होती, मग हिला बुरशी का नाही?

कोकणकन्या
ती बॅगेतल्या कुठल्या कप्प्यात होती?

माडाखालचा
प्लॅस्टिकच्या गोल डबीत, झाकण घट्ट. डबीत मामाने कागदाची पुडी टाकलेली.

त्रैराशिक
मामाला फोन करून आभार माना. आता नीट ऐका, हे ऐकण्यासारखं आहे. डी९० च्या अंगात फोकसची मोटर आहे, म्हणून ही जुन्या पद्धतीची लेन्स त्याच्यावर स्वतः फोकस करते. डी४० किंवा डी३००० असता तर हाताने फिरवत बसला असता. डी९० वर ५० मिमी म्हणजे दिसायला ७५ मिमीसारखी: दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून कमरेपासून वर एक नट चौकटीत बसेल. शटरबंदांच्या लाडक्या आरएक्स१०० चं भिंग एवढ्या जवळच्या दृश्याला कधीच १.८ वर राहत नाही. आणि इथे १.८ आणि तिप्पट सेन्सर दोन्ही तुमच्याकडे.

शटरबंद
मी मागे घेतलाय सल्ला. वाचा की वर.

कोकणकन्या
दशावतार मी सात-आठ हंगाम काढतेय, म्हणून माझे आकडे देते, तिथे जाऊन बदला. छिद्र २ किंवा २.२, अगदी १.८ ला थोडं मऊ येतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००, फार काळोख असेल तर ३२००, त्याच्या वर डी९० ला ओढू नका. शटर १/१०० सेकंद. हा आकडा मुद्दाम: आपली वीज ५० हर्ट्झची, साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० वर गेलात की एक फोटो पिवळा, पुढचा हिरवट, कधी आडवा पट्टा. युद्धात १/१०० ला हात हलतील, हलू देत, चेहरा धरा.

उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्यावर सोडू नका. मागे काळा पडदा, समोर पांढऱ्या-गुलाबी रंगाचा चेहरा. कॅमेरा पडदा उजळायला जातो आणि चेहऱ्याचा पिठाचा गोळा होतो. चेहऱ्यावर ठिपक्याचं मोजमाप (स्पॉट मीटरिंग) घ्या. संकासुर (दशावतारातला राक्षस) येतो तेव्हा तो स्वतःच अंगभर काळा, त्याला बघून कॅमेरा सगळंच उजळ करतो, उजेड पाऊण-एक पायरी खाली आणा. फोकसला मधलाच बिंदू वापरा, तोच अंधारात भरवशाचा.

आणि बसायला पायपेटीवाल्याच्या (हार्मोनियमवाल्याच्या) विरुद्ध बाजूला. तो बाजूला असला की प्रत्येक चौकटीत त्याचं डोकं येतं.

मिरगाचो पाऊस
आणि आतेभावाक आदी इचार खयच्या बाजूसून येतलो. स्त्री-पार्टाची एंट्री एकदाच गावता.

वाफाळता चहा
एवढं सगळं शिकण्यापेक्षा

कोकणकन्या
चहा, पुरे.

त्रैराशिक
आणखी एक. जत्रा समुद्राजवळ असेल तर परत आल्यावर गोड्या पाण्यात घट्ट पिळलेल्या कपड्याने कॅमेरा बाहेरून पुसा, मग कोरड्याने. डी९० ला पाणी-धूळ रोखणारी सीलं नाहीत. खाऱ्या वाऱ्याचा थर हाताला लागत नाही पण स्क्रूंना गंज चढवतो. बुरशीची १८-१०५ आताच सावंतवाडी-कुडाळला दुरुस्तीला टाकू नका, आधी खर्च विचारा. सेकंडहँडला तेवढ्यात दुसरी मिळू शकते.

माडाखालचा
जत्रा झाली. उशिरा लिहितोय, दोन दिवस झोपलो. ६१२ फोटो काढले. त्यांतले बरेच काळे, बरेच हललेले, वीसेक बरे आहेत. पायपेटीवाल्याच्या विरुद्ध बाजूला बसलो, पण माझ्यासमोर गावचे एक आजोबा मफलर गुंडाळून पहाटेपर्यंत मान हलवत होते, त्यामुळे मफलरचेही ४० फोटो आहेत. आतेभावाची एंट्री चुकली, बॅटरी बदलत होतो. नंतरच्या प्रवेशात तो बाकड्याशी टेकून रडतो तेव्हाचा एक मिळाला. गालावरून रंग ओघळलाय आणि त्याखाली त्याची दाढीची निळसर खूण दिसते. आत्याने तो फोटो बघून विचारलं, ही कोण?

कंपनीच्या मालकांनी सगळे मागितलेत.

मित्राला नाही म्हणून कळवलं होतं. तो आज म्हणाला, १२ ला घे. दिवसा खिशात टाकायला छोटा बरा पडेल असं आता वाटतंय. घेऊ का?

शटरबंद
१० म्हणा.

त्रैराशिक
आधी त्याच्यात टॉर्च मारा.