मदत हवी आहे: कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन मोजमाप करून बांधणारा मिस्त्री

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जुनी साडेतीनशे बुलेट आहे. कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटचं इग्निशन (ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुन्या पद्धतीचे संपर्क), गिअर उजव्या पायाला. इंजिन पुन्हा बांधायला आलंय आणि त्यासाठी जाणकार मिस्त्री शोधतोय. तो कुठल्या गावचा आहे याने फरक पडत नाही. इंजिन फ्रेममधून उतरवून, ऑइल काढून, लाकडी खोक्यात घट्ट बसवून पाठवायची माझी तयारी आहे. घाई अजिबात नाही. गाडी विकायची नाही, रोज चालवायची आहे.

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे अंदाज बांधता येईल.

उतारावर रेस सोडून खाली आलो आणि पुन्हा रेस दिली की निळसर धुराचा एक लोट बाहेर पडतो, मग कमी होतो. सपाट रस्त्यावर वेग घेताना धूर असतो, पण इतका नाही. माझ्या समजुतीप्रमाणे रेस बंद असताना इनलेटच्या बाजूला ओढ जास्त असते, त्यामुळे झिजलेल्या व्हॉल्व्ह गाईडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) ऑइल आत खेचलं जात असावं. शिवाय किक हलकी लागते. कॉम्प्रेशनवर पाय ठेवून उभं राहिलं तर किक हळूहळू खाली जाते. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पाहिलं, तर पकड थोडी सुधारते, पण पूर्ण येत नाही. म्हणजे रिंगांचा दोष आहेच, पण व्हॉल्व्हही नीट बसत नसावेत असं वाटतं.

खरी काळजी आवाजाची आहे. गाडी तापल्यावर, चढावर वरच्या गिअरमध्ये जोर लावला की खालून जड ठोका येतो. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीची) हलकी टिकटिक मला ओळखता येते, ही ती नाही. पिस्टन सैल असला तर आवाज थंड इंजिनात जास्त येतो आणि तापल्यावर कमी होतो. इथे नेमकं उलट होतंय. म्हणून संशय कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, खालच्या बेअरिंगवर आहे.

एक गोष्ट या यादीत धरू नका. बरेच दिवस उभी राहिल्यावर पहिल्या किकेला भरपूर धूर येतो आणि थोड्या वेळात जातो. या इंजिनात ऑइलचा कप्पा क्रँककेसमध्येच असतो, आणि गाडी उभी असताना ऑइल पंपावाटे झिरपून फ्लायव्हीलच्या खोलीत उतरतं. तेवढ्या धुरावरून कोणी इंजिन उघडू नये.

आता अडचण. इंजिन पूर्वी एका गॅरेजमध्ये उघडलं होतं. तिथे बोअर मारून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन बसवला, पण हेडमधले व्हॉल्व्ह काढून गाईड बघितले नाहीत आणि रॉडला हात लावून पाहिला नाही. बंद करताना पॅकिंगच्या जोडीला सिलिकॉन इतकं थापलं की कव्हरच्या कडेने ते बाहेर आलंय. जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं गेलं असणार, आणि त्याचा एखादा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकला तर काय, या विचाराने मी गाडी लांब नेणं थांबवलंय. टायमिंग कव्हरच्या एका स्क्रूचे आटेही गेलेत. त्यानंतर ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांच्यापैकी एकाने आवाज ऐकून "अर्धं इंजिन नवीन टाका" सांगितलं, दुसऱ्याने पुन्हा "बोअर-पिस्टन करून टाकू". कानाने अंदाज घेणाऱ्या जुन्या मिस्त्रींबद्दल मला मनापासून आदर आहे, कुठे शोधायचं ते त्यांना पटकन कळतं. पण बोअर एकदा मारला की धातू परत येत नाही. वाढीव मापाचे पिस्टन संपले की मग लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) घालावा लागतो. म्हणून कापण्याआधी मोजलं जावं, एवढाच माझा आग्रह आहे.

माझ्या मनातला मिस्त्री असा आहे. तो सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजेल, म्हणजे बोअर किती घासलाय आणि किती अंडाकृती झालाय ते कळेल. नवीन पिस्टन हातात आल्यावर तोही मायक्रोमीटरने मोजेल आणि मगच लेथवाल्याला बोअरचं माप देईल. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबणार नाही. रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पाहील. हेडमध्ये गाईड बदलल्यावर सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती कड, पुन्हा कापून घेईल, कारण नवीन गाईडचा मध्य जुन्या सीटशी जुळेलच असं नाही. नुसतं पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणं इथे पुरणार नाही.

क्रँकचं काम सगळ्यांत नाजूक. रॉड आडव्या दिशेने थोडा सरकला तर चालतं, पण वर-खाली जराही खेळ नको. तसा खेळ निघाला तर फ्लायव्हील दाबयंत्रावर उघडून क्रँक पिन आणि बेअरिंग बदलावं लागेल, आणि परत जोडल्यावर दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावून सरळ करावं लागेल. हे नुसत्या डोळ्यांनी बघून सरळ करणाऱ्याकडे मला इंजिन द्यायचं नाही. हे काम मिस्त्री स्वतः करत नसेल तरी हरकत नाही, कुठल्या वर्कशॉपकडून करून घेतो ते त्याने मोकळेपणाने सांगावं.

ऑइल पंप आणि ऑइलच्या वाटा पूर्ण साफ व्हायला हव्यात. इंजिन सुरू केल्यावर हेडकडे जाणारी पाइप सैल करून रॉकरपर्यंत (हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत) ऑइल पोचतंय हे मला दाखवलं तर फार बरं वाटेल. टायमिंग, पॉइंट आणि टॅपेट मी स्वतः करतो. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतो आणि पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी असताना पॉइंट उघडायला लागतात का ते पातळ कागद धरून बघतो. त्यामुळे ठोका चुकीच्या टायमिंगचा नसावा.

तुमच्याकडून हवंय ते हे:

असं काम करणारा मिस्त्री तुमच्या अनुभवातला असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा, नंबर इथे उघड लिहू नका. सोबत त्याने तुमच्या इंजिनाचं नेमकं कोणतं काम केलं आणि त्यानंतर गाडी किती चालली, हे लिहा. काम नुकतंच झालं असेल तर तसंही सांगा. ताजं बांधलेलं इंजिन काही दिवस गोडच वाजतं.

ज्यांनी इंजिन दूर पाठवून बांधून घेतलंय त्यांना विचारायचंय: पाठवण्याआधी सुट्या भागांचे फोटो आणि यादी केली होती का? बदललेले जुने भाग परत मागितल्यावर मिस्त्री नाराज झाला का? मला जुना पिस्टन, रॉड, बेअरिंग, गाईड सगळं परत हवंय, म्हणजे झीज कुठे होती ते बघता येईल.

आणि रॉडबद्दल: वर सांगितलेल्या ठोक्यावरून कुणाला वेगळं कारण सुचतंय का? गिअरबॉक्सकडे जाणारी प्रायमरी चेन सैल असेल तरी आवाज येतो हे माहीत आहे, ती ताणून पाहिली, फरक पडला नाही. क्लच दाबल्यावरही इंजिनाला रेस दिली की ठोका ऐकू येतो. अजून काही तपासायचं राहिलं असेल तर सांगा, इंजिन उतरवण्याआधी करून बघतो आणि इथेच कळवतो.