जयंत नारळीकरांच्या सगळ्या विज्ञान कादंबऱ्या ओळीने वाचाव्यात का?

मुठेकाठचा
'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' एकापाठोपाठ वाचल्या. सुट्या वाचताना बाळबोध वाटायच्या. ओळीने वाचल्यावर लेखकाचा खरा विषय दिसतो, शास्त्रज्ञ विरुद्ध सरकार. परग्रहवासी, यंत्रमानव येतात खरे, पण गोष्ट घडते बैठकीत. 'वामन'मध्ये जमिनीखाली पुरलेली प्राचीन पेटी सापडते. पेटीइतकंच महत्त्वाचं काय, तर त्यातलं ज्ञान कोणाच्या हाती द्यायचं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत वर्षं काढलेल्या आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारणाऱ्या माणसालाच हे सुचणार.

तिरकस_पेठकर
अहो, बैठकाच हव्यात तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला या! चहासुद्धा मिळेल. नावं झाकली तर कोण बोलतंय ते कळत नाही या कादंबऱ्यांत. त्यांची ताकद कथेत आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. विश्वासरावांना गोळी लागत नाही, मराठे जिंकतात, आणि पंत पुण्याहून गाडीने निघतात ते थेट इंग्रजांच्या ताब्यातल्या मुंबईत पोचतात. एक गोळी चुकली आणि सगळा इतिहास फिरला. याची कादंबरी केली असती तर पाणी घातलं असतं. कादंबऱ्यांचं कौतुक नाव मोठं म्हणून.

अंजिरी
नावाचं म्हणाल तर १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळालं. अर्थात तीही कथाच, हा मुद्दा पेठकरांचा.

मुठेकाठचा
पेठकर, 'पानिपत'च्या शेवटी दोघेजण बसून क्वांटम सिद्धान्त समजावून घेतात. ते चक्क व्याख्यान आहे. तिथे तुम्ही माफ करता, मग कादंबरीत का नाही?

तिरकस_पेठकर
कारण तिथे ते दोन पानांत संपतं! आणि शास्त्रज्ञ विरुद्ध सरकार हा तुमचा 'खरा विषय' त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ मध्येच 'द ब्लॅक क्लाउड'मध्ये हाताळलाय. तो सूर्याजवळ येणारा प्रचंड ढग आठवा. नारळीकरांनी वेगळं काय केलं?

मुठेकाठचा
तोच तर फरक. हॉईलचा शास्त्रज्ञ सरकारला सरळ धमकावतो, मंत्र्यांना मोजत नाही. नारळीकरांचा शास्त्रज्ञ बहुतेकदा यंत्रणेच्या आत राहून काम काढतो. इथे संशोधन असंच चालतं. निधी, परवानगी, वरच्यांची सही. मराठी कादंबरीत या जगाचं इतकं आतून चित्र दुसरीकडे मला तरी सापडलं नाही. भाषा सपाट आहे, कबूल. पण ती एकदा अंगवळणी पडली की चौथ्या पुस्तकापर्यंत खटकत नाही.

अंजिरी
चौथ्या पुस्तकापर्यंत टिकायला हवं ना माणूस! नव्या वाचकाला मी आधी 'यक्षांची देणगी' देईन. कथा आवडल्या तर 'प्रेषित'.

तिरकस_पेठकर
अंजिरीताईंशी सहमत. बाकी, फाईल वर पाठवून सहीची वाट बघणारा नायक! मुठेकाठचे, हीच तर माझी तक्रार आहे हो.