मदत हवी आहे : अनेक पिढ्यांची वंशावळ सर्व शाखांपर्यंत कशी पोहोचवावी?

नमस्कार. आमच्या घराण्याच्या अनेक पिढ्यांची माहिती मी एका संगणकप्रणालीत नोंदवली असून, आता ती सर्व शाखांमधील नातेवाइकांना अशा रीतीने द्यायची आहे की त्यांना ती वाचता येईल आणि तीत भरही घालता येईल.

वंशावळींच्या देवाणघेवाणीसाठी जेडकॉम हा फाइलप्रकार सर्रास वापरला जातो. मात्र त्याच्या ५.५.१ या प्रचलित आवृत्तीत छायाचित्रे साठवली जात नाहीत, ती कुठे ठेवली आहेत एवढेच नोंदवले जाते, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर पणजीचा एकमेव फोटो दिसेनासा होतो. २०२१ साली आलेल्या ७.० आवृत्तीत छायाचित्रांसह एकच फाइल बांधण्याची सोय आहे. ती कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का, आणि कोणत्या प्रणालीत ती नीट उघडते?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खापरपणजोबांचे जन्मसाल एका जुन्या दस्तऐवजात १८७१, तर दुसऱ्यात १८७४ असे आहे, आणि दोन शाखा आपापल्या सालावर ठाम आहेत. माझ्या मते कोणतेही साल खोडू नये. दोन्ही आपापल्या आधारासह, मूळ कागदाच्या प्रतीसकट जपावीत. परंतु तक्त्यात वर कोणते दाखवावे, हे आपण कसे ठरवता?

हयात व्यक्तींच्या जन्मतारखा मी वाटणार नाही, हे पक्के आहे. त्या आपोआप लपवणारी प्रणाली माहीत असल्यास कृपया सुचवावी.