पैसा की आईची शाळा? अर्भकमृत्यूचा आलेख अडलाय

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, चिपळूण
प्रकल्पासाठी देशांचं दरडोई उत्पन्न, प्रौढ साक्षरता आणि अर्भकमृत्यू दर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं) मांडलेत. साक्षरतेचे ठिपके बऱ्यापैकी रेषेत येतात. उत्पन्नाचे आधी झपकन खाली, मग आडवेच. उत्पन्नाला महत्त्व कमी, असं लिहू का?

शिक्षक, कुडाळ
नको. उत्पन्नाचा लॉग घे, म्हणजे वाढ डॉलरमध्ये नाही, पटीत मोजली जाते. गरीब देशात हजार डॉलर वाढले की केवढा फरक पडतो, श्रीमंत देशात तेवढ्याने काही हलत नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी 1975 साली आयुर्मानाचा असाच वक्र दाखवला होता. शिवाय उत्पन्न आणि साक्षरता जोडीनेच वाढतात, म्हणून दोन्ही एका समीकरणात घाल, म्हणजे प्रत्येकाचा परिणाम वेगळा दिसेल. रेषेपासून लांबचे ठिपके पुसू नकोस. तेलाने श्रीमंत झालेल्या इक्वेटोरियल गिनीत बाळं दगावतातच, श्रीलंकेत फार कमी.

निवृत्त आरोग्यसेविका, राजापूर तालुका
बाळा, बायकांची साक्षरता वेगळी घे. माझ्या वाड्यांत पैसा मुंबईच्या मनिऑर्डरीने यायचा, पण रात्री बाळाला जुलाब लागले की निर्णय आईचा. जलसंजीवनीच्या पुडीवर किती पाणी घ्यायचं ते छापलेलं असतं. जिला वाचता येई ती मोजून घेई, दुसरी पेलाभर पाण्यातच अख्खी पुडी ओती, आणि ते बाळाला घातक. चीक (बाळंतिणीचं पहिलं दूध) पिळून टाकणार नाही, हे सासूला तोंडावर सांगायचं बळही शिकलेल्या सुनेतच जास्त दिसायचं. पण पावसात साकव (ओढ्यावरचा लहान पूल) वाहून गेला की तीही अडायची. तिथे सरकारचाच पैसा लागतो. उत्पन्नात आपण केरळच्या फार मागे नाही, तरी 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीत (SRS) केरळचा अर्भकमृत्यू दर 6, महाराष्ट्राचा 16. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले, हे 1999 साली छापून आलं. गावं गरीबच होती.

विद्यार्थिनी, चिपळूण
सर, लॉग घेतल्यावर ठिपके रेषेजवळ आले. ताई, स्त्री-साक्षरतेचा रकाना आजच भरते. आरोग्यसेविकांची संख्याही घेऊ?

निवृत्त आरोग्यसेविका
घे. आणि पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू वेगळे काढ. त्यांत अपुऱ्या दिवसांची आणि जन्मताना गुदमरलेली बाळं जास्त. जुलाब-न्यूमोनियाचा जोर त्यानंतर. दोन्हींवरचा उपाय एक नाही.