मदत हवी आहे: 100 सीसी इंजेक्शनची गाडी बॅटरी उतरल्यावर किकने सुरू होते का?

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी साधी 100 सीसी गाडी घ्यायची आहे. स्प्लेंडर प्लस (97.2 सीसी) आणि शाइन 100 (98.98 सीसी) या दोघींवर येऊन अडकलोय. दोन्ही चालवून पाहिल्या. वडील साठीचे आहेत, त्यामुळे 99 किलोची शाइन त्यांना स्टँडवर घ्यायला सोपी वाटली. स्प्लेंडर 112 किलोची, पण तिचे पार्ट आमच्याकडे कुठेही मिळतात.

वापर: चिपळूण ते पोफळी, रोज ये-जा 40 किमीच्या आसपास, कधीतरी मागे आईला घेऊन कुंभार्ली घाट. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस नुसती उभी राहते. 125 सीसी बजेटबाहेर, स्कूटर नको, जुनी कार्ब्युरेटरवाली सेकंडहँडही नको.

खरी काळजी वेगळीच आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या बॅटरी मेली तरी किकने सुरू व्हायच्या. 2020 च्या बीएस 6 (धूर-प्रदूषणाचे नियम) नंतर आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत (यात कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर इंजिनाला पेट्रोल देतो) पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दोघांनाही करंट लागतो. किक दोन्ही गाड्यांना आहे, पण तेवढ्यावर पुरेसा करंट तयार होतो का? शोरूममध्ये "होते हो सुरू" एवढंच सांगितलं, बॅटरी काढून दाखवायला तयार नाहीत. गावातल्या मेकॅनिकने दोन्हींपैकी एकही उघडलेली नाही, त्याच्याकडे बिघाड शोधायचा स्कॅनरही नाही.

ज्यांच्याकडे यातली एखादी गाडी आहे त्यांनी प्लीज सांगा: बॅटरी पूर्ण उतरलेली असताना ती किकने किंवा ढकलून सुरू झाली का, की बॅटरी चार्ज करूनच पुढे जाता आलं?