घरच्या लाकूडकामाला थिकनेस प्लेनर: टेबलावरचा की बिडाचा?

सागफळी (कळंब)

काल इथे एका भाऊंनी लिहिलं की टेबलावर ठेवायचा थिकनेस प्लेनर (फळी सगळीकडे एकाच जाडीची रंधणारी मशीन) म्हणजे शहरातल्या हौशी लोकांचं खेळणं आहे. गावात राहणाऱ्याने तेवढ्याच पैशात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, रंधा मशीन घ्यावी, नाहीतर तालुक्याच्या सुताराकडून फळ्या रंधून आणाव्यात. वाचून डोकं फिरलं. दोन ओळींत उत्तर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

आधी विजेचं बोलू. माझं काम गोठ्याच्या अर्ध्या भागात चालतं. मीटर घरगुती, सिंगल फेज. दिवेलागणीला व्होल्टेज १७० वर येतं. अशा ठिकाणी बिडाच्या मशीनची ३ एचपीची इंडक्शन मोटर कशी उठणार? सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि व्होल्टेज पडलं की तिचा जोर वर्गाच्या हिशेबाने घटतो. २३० चे १७० झाले की जोर निम्म्याच्या जरा वर उरतो. मोटर घूं घूं करत जागेवर तापते आणि वाइंडिंग जातं.

आता टेबलावरचा घ्या. मकिताचा २०१२ एनबी १६५० वॅटचा आहे, ३०४ मिमी रुंद फळी घेतो, वजन २८ किलोच्या आसपास. एकटा माणूस उचलून बाजूला ठेवतो. मिनिटाला ८५०० फेरे, दोन पाती, मिनिटाला साडेआठ मीटर फळी, म्हणजे दर मिलिमीटरला दोन घाव पडतात. सागावर एवढं पुरतं, वरून पॉलिश पेपर फिरवला की झालं.

सुताराकडून रंधून आणण्याबद्दल. आमच्याकडे हौशी माणसाला लाकूड कुठून मिळतं? घरकुल मंजूर झालं की जुनं कवेलूचं घर पाडतात आणि मयाली, फाटे (छपराची जुनी लाकडं) विकायला काढतात. आतून असला साग निघतो की आज डेपोत पैसे देऊनही मिळायचा नाही. पण त्यात मोडके खिळे असतात. कोणता सुतार ते आपल्या मशीनला लावू देतो? मी तीन गावं फिरलो, कोणी हात लावेना. त्यांचंही चूक नाही, पातं त्यांचं जातं. म्हणूनच मशीन स्वतःची पाहिजे.

बीडवाला (हिंगणघाट)

काल लिहिणारा मीच. एक शब्द मागे घेणार नाही.

थिकनेस प्लेनर वाकडी फळी सरळ करत नाही, हे तुम्ही कुठेच लिहिलं नाही. रोलर फळीला दाबून सपाट धरतो, वरून पातं समांतर कापतं, फळी बाहेर पडली की होती तशीच वाकते. पीळ असलेली फळी पीळ घेऊनच पातळ होते. आधी एक बाजू सरफेसवर, म्हणजे फळीची बाजू सपाट करणाऱ्या उघड्या पात्याच्या मशीनवर, धरावी लागते. देशी कॉम्बी मशीनला वर सरफेस, खाली थिकनेस, एकाच बिडाच्या अंगात. दोनअडीचशे किलो वजन, जागची हलत नाही. तुमची २८ किलोची पेटी फळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचात खड्डा पाडते ते वेगळंच.

आणि मोटर. तुमची युनिव्हर्सल, कार्बन ब्रशवाली. कमी व्होल्टेजला ती काय नाचते का? तिचे फेरे पडतात, फळी अडते, आर्मेचर तापतं. वर कानठळ्या बसवणारा आवाज.

थ्री फेज नाही म्हणता. शेत आहे ना? माझी शेड विहिरीजवळ आहे, मोटरपंपाच्या जोडणीवरच मशीन चालते. इच्छा असली की मार्ग निघतो.

वायरमन (आर्वी)

बीडवाले दादा, हे असं उघड लिहू नका, आणि मुख्य म्हणजे करू नका. कृषी जोडणी पंपासाठी दिलेली असते. तिच्यावर रंधा मशीन चालवली की विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, अनधिकृत वापर. प्रत्यक्षात ज्या कामाला वीज वापरली त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि कधीपासून वापर आहे ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. थ्री फेज पाहिजे असेल तर वेगळी औद्योगिक जोडणी मागा. फक्त तिचा स्थिर आकार दर महिन्याला येतो, मशीन चालो न चालो. रविवारी दोन फळ्या रंधणाऱ्याला तो परवडत नाही, हा सागफळी भाऊंचा मुद्दा खरा आहे.

ओलितवाला (सिंदेवाही)

मी लाकडाचं काम करत नाई जी, पण हे वाचून बोलल्याशिवाय राहवत नाई.

आमाले आठवडाभर रात्रीची लाइन असते. थंडीत धानाच्या बांधीत पाणी फिरवाले रात्री दोन वाजता जावं लागते, अन् वाघ कुठं बसून आहे ते मालूम नसते. बायको दारात उभी राहते मी परत येतवर. तेवढ्यात डीपीवर लोड आला की फ्यूज उडते. सकाळी पाहाले जावं तं कोणाच्या शेडमधी मशीन चालू राहते! अन् तुमी म्हणता इच्छा असली की मार्ग निघते? तुमचा मार्ग आमच्या डीपीतून जाते, हे ध्यानात ठेवा.

बीडवाला (हिंगणघाट)

दादा, तुमच्या डीपीचा माझ्याशी काय संबंध? माझ्या डीपीवर तीनच पंप आहेत, आणि तिघांना विचारून चालवतो. दिवसा, पंप बंद असताना. रात्रीच्या लाइनचा राग माझ्यावर काढू नका, तो जिथे काढायचा तिथे काढा.

ओलितवाला (सिंदेवाही)

तिघांले विचारलं, चौथा कोण ते पाहिलं का? फीडर, म्हंजे सगळ्या डीपींले वीज देणारी लाइन, एकच असते. दिवसाची लाइन द्या म्हणून मोर्चे आमी काढाचे, अन् दिवसाची लाइन आली की तिच्यावर पलंग-सोफे तुमी बनवाचे. सौर पंपाचा अर्ज करून बसलो आहे, तोवर हेच भोगाचं आहे. ज्याले रात्री पाण्यावर जावं लागत नाई त्याले हे समजत नाई.

बीडवाला (हिंगणघाट)

मला समजत नाही? माझा बाप रात्रीच्या पाण्यावर असताना साप चावून दवाखान्यात पडून होता. मला शिकवू नका.

वायरमन (आर्वी)

दोघंही थांबा. रात्री बांधावर जाणारा खोटं बोलत नाही, आणि विहिरीजवळची शेड ही एकट्या बीडवाल्या दादांची गोष्ट नाही. पण नियम नियम आहे.

दादा, बिडाची मशीनच पाहिजे तर एक वाट आहे. सिंगल फेजवरून थ्री फेज काढणारा व्हीएफडी बसवा. ३ एचपीच्या मोटरीचं नेमप्लेट पाहा. २३० आणि ४१५ दोन्ही लिहिलेलं असेल तर मोटरीच्या तारांची स्टारची जोडणी बदलून डेल्टात करावी लागते. व्हीएफडी मोटर हळूहळू उचलतो, त्यामुळे सुरुवातीचा झटका जातो. पण घरगुती मीटरचा मंजूर भार आधी वाढवून घ्या, आणि १७० व्होल्टवर बरेच व्हीएफडी स्वतःच बंद पडतात, हेही सांगून ठेवतो.

सागफळी भाऊ, तुम्हालाही एक सांगणं आहे. घरातून गोठ्यापर्यंत वायर कोणती ओढली? १ चौरस मिमीची तांब्याची वायर ५० मीटर असेल तर जाऊन-येऊन पावणेदोन ओहमच्या वर होतात. तुमचा प्लेनर ७ अँपिअर ओढतो, म्हणजे बारा-तेरा व्होल्ट वायरीतच गेले. २.५ ची टाका, साडेपाचच्या आत येईल. लोक मशीनला शिव्या देतात आणि दोष वायरीचा असतो.

हातरंधा (वरूड)

मी निवृत्त शिक्षक. तुम्हा सगळ्यांचं ऐकून वाईट वाटतं. दोन फुटाच्या स्टूलासाठी कलम १२६ पर्यंत पोचलात. धारदार रंधा, एक गुण्या, दोन सरळ पट्ट्या. फळीच्या दोन्ही टोकांना पट्ट्या ठेवून डोळा लावला की पीळ दिसतो. आडवा रंधा मारून उंचवटा काढा, मग उभा मारा. वीज नको, आवाज नको, शेजारी भांडत नाही. माझ्या नातवाचा अभ्यासाचा टेबल असाच झाला. रंधा नीट लागला की सागाचा छिलका असा पातळ निघतो की त्यातून वर्तमानपत्र वाचता येतं.

आणि माझा पुतण्या अमेरिकेत असतो, तो डीवॉल्टचा ७३५ आणतो म्हणत होता. मी नको म्हटलं.

सागफळी (कळंब)

गुरुजी, तुम्ही नको म्हटलं ते बरं केलं. तिकडचा ७३५ हा १२० व्होल्टचा, १५ अँपिअर. इथे चालवायला दोन-तीन केव्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि मशीनच ४२ किलोची आहे. मशीन उत्तम यात शंका नाही. तीन पाती, दोन वेग, हळू वेगाला इंचाला १७९ घाव, म्हणजे मकिताच्या तिपटीहून जास्त. पण कळंबला पातं कोण देणार?

हातरंध्याबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमणार नाही. एक टेबल ठीक आहे. मी गावच्या वाचनालयाला मांडण्या करून देतो आहे, सगळ्या फळ्या १८ मिमीच्या पाहिजेत. जुन्या मयालीतून चिरलेली एक फळी २२ ची, दुसरी २७ ची. रात्री खांदा धरला की रंधा उचलवत नाही, आणि मग काम अर्धवट पडतं. अर्धवट पडलेली कामं मी गावोगावी पाहिली आहेत.

लाकूडताई (अचलपूर)

सगळे विजेवरच भांडताय, बोटांबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मामांचा फर्निचरचा कारखाना होता. सरफेस मशीनवर आखूड तुकडा धरला, गार्ड कधीचं काढून ठेवलेलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. माझ्यासमोर झालं. त्यानंतर मी उघड्या पात्याच्या मशीनला हात लावत नाही आणि कोणाला लावा म्हणत नाही. बीडवाले भाऊ, कॉम्बीमध्ये सरफेस फुकट मिळतो म्हणता, नवख्या माणसाला तोच महाग पडतो. टेबलावरच्या प्लेनरमध्ये पातं आत झाकलेलं असतं, फळी रोलर ओढतो. तुकडा फार आखूड घालू नका आणि तोंडासमोर उभं राहू नका, तेवढं पुरतं.

वाकड्या फळीचं उत्तर मी असं काढलं आहे. सरळ प्लायच्या पट्टीवर फळी ठेवायची, जिथे डुलते तिथे पातळ पाचरी लावून गरम गोंदाचे ठिपके द्यायचे. पट्टीसकट प्लेनरमधून काढायची. वरची बाजू सपाट झाली की पट्टी काढून फळी उलटी करायची. सरफेस मशीनशिवाय पीळ निघतो. वेळ लागतो, हो. टोकाच्या खड्ड्यासाठी फळीचा शेवट थोडा उचलून धरा किंवा मागे लगेच दुसरी फळी लावा.

आणि मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच सांगितलं आहे. सागाच्या भुशाने माझे तर हातही खाजतात.

बीडवाला (हिंगणघाट)

ताई, तुमच्या मामांचं ऐकून वाईट वाटलं. माझ्या मशीनचं गार्ड जागेवर आहे आणि हातभर लांब दोन ढकलण्या वापरतो. पण नवख्याने एकट्याने सरफेस चालवू नये, हे मान्य करतो.

पाचरीची युक्ती चांगली आहे. दिवसाला दोन फळ्या करायच्या असतील तर.

एक मात्र विचारतो, सागफळी. सागात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. वरून तुमचे खिळे. त्या पातळ दुधारी पात्यांना मी तरी धार लावू शकत नाही, फेकावी लागतात. माझी जाड एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) पाती हिंगणघाटातच धार लावून मिळतात. तुमच्या खर्चात हे धरलं का?

सागफळी (कळंब)

धरलं. दोन्ही बाजूंना धार असते, एक गेली की उलटं करून लावतो. आणि खिळ्याचं म्हणाल तर फळी मशीनला लावण्याआधी लोहचुंबक फिरवतो, काळा डाग दिसला की पटाशीने उकरून पाहतो. सागात लोखंड गंजलं की भोवती काळं पडतं, ते लपत नाही. तरी एखादं टोक सुटतंच. मग पात्याला खाच पडते आणि प्रत्येक फळीवर तिथे उंच रेघ उमटते. अशा वेळी पातं लगेच फेकायचं नाही. दोनांपैकी एक पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवायचं. दोघांच्या खाचा एका रेषेत राहत नाहीत आणि रेघ जाते.

बीडवाला (हिंगणघाट)

हे मला माहीत नव्हतं. माझ्या तीन पात्यांवरही चालेल हे.

ठीक आहे. घरगुती मीटर, लहान जागा, खिळ्याचं जुनं लाकूड, अशा माणसाने टेबलावरचा घ्यावा. रोज दहा दारं करणाऱ्याने नाही. आणि काल कोणीतरी लिहिलं होतं की हा १० इंची सागाच्या फळीवर एका फेरीत ३ मिमी काढतो. ते तेवढं पुन्हा लिहू नका, पोरं तसं करून मोटर जाळतील.

सागफळी (कळंब)

ते मी लिहिलं नव्हतं. ३ मिमी फक्त १५० मिमी रुंदीपर्यंत. २४० च्या पुढे कंपनीच दीड मिमी म्हणते, आणि माझ्या व्होल्टेजला मी अर्ध्या मिमीच्या वर जात नाही.

ओलितवाला (सिंदेवाही)

अन् त्या शेडच्या मशीनचं काय ठरलं?

बीडवाला (हिंगणघाट)

व्हीएफडीची चौकशी करतो. सोमवारी मीटरचा भार वाढवायचा अर्जही देतो. झालं समाधान?

ओलितवाला (सिंदेवाही)

अर्ज दिला की सांगा.