फुटाळ्याच्या पाण्यातली मायक्रोसिस्टिस: प्रजाती एक की दोन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मे महिन्यात नागपूरच्या फुटाळा तलावावरून पाणी आणलं. काठाशी मायक्रोसिस्टिसची, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या जिवाणूची, पोपटी साय धरली होती. (घरी मी शेवाळच म्हणते. 'बॅक्टेरिया' म्हटलं तर आई परत तिकडे जाऊ द्यायची नाही.)

सूक्ष्मदर्शकाखाली दोन तऱ्हेच्या वसाहती दिसल्या. काही वेड्यावाकड्या, चाळणीसारख्या भोकांच्या. काहींच्या भोवती चिकट आवरणाची कड अगदी रेखलेली. ओळख-किल्ली (लक्षणांवरून प्रजाती शोधायचा तक्ता) लावून पहिलीला एरुजिनोसा, दुसरीला वेसेनबर्गी म्हटलं आणि खूश झाले.

मग दोन्हींचा १६एस जीन (जिवाणू ओळखायला वाचतात तो) वाचून घेतला, तर फरक अर्धा टक्काही नाही! बीजी-११ या पोषक द्रावणात वाढवल्या, तर दोन महिन्यांत वसाहतीच मोडल्या, नुसत्या सुट्या गोल पेशी. आता प्रबंधात काय लिहू? गाईड म्हणतात, "तूच ठरव."

प्रतिसाद १
काहून टेन्शन घेता? तुमचं काही चुकलं नाही. मायक्रोसिस्टिसमध्ये १६एस ९९ टक्क्यांवर जुळतोच. त्यामुळेच ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा पाच प्रजाती एकट्या एरुजिनोसात मिळवायचं सुचवलं होतं. पण या जिवांना वनस्पतींचे नामकरण-नियमही लागतात आणि जिवाणूंचेही, म्हणून जुनी नावं अजून चालतात. 'एरुजिनोसा, वेसेनबर्गी रूप' असं लिहा आणि मूळ पाण्यातल्या वसाहतींचे फोटो जोडा. कल्चर पाहून नाव देऊ नका.

प्रतिसाद २
वेगळेपणा शोधायचाच असेल तर १६एस आणि २३एस या दोन जीन्सच्या मधला आयटीएस तुकडा वाचा, किंवा फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याच्या दोन जीन्समधला. ते झपाट्याने बदलतात. आणि विष बनवण्यात लागणाऱ्या एमसीवायई जीनचा पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढून तो आहे का ते पाहणं) नक्की करा. विषारी आणि बिनविषारी वाण डोळ्यांनी ओळखूच येत नाहीत, एकाच सायीत शेजारी-शेजारी असतात. जीन सापडला म्हणजे विष तयार झालंच असंही नाही, ते वेगळं मोजावं लागतं. डीएनए नीट धुऊन घ्या, त्या चिकट आवरणातली साखर पीसीआर अडवते. माझे पहिले चार जेल (ज्यावर पीसीआरचा निकाल पट्ट्यांत दिसतो) कोरेच आले होते.

धागाकर्ती
अच्छा, म्हणजे माझे कोरे जेल त्यामुळे! मी प्रायमर (पीसीआरला सुरुवात करून देणारे छोटे डीएनए-तुकडे) विकणाऱ्यांना नावं ठेवत बसले होते. लुगॉल (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घातलेली मूळ पाण्याची एक बाटली शिल्लक आहे, तिचे फोटो उद्या टाकते. आयटीएससाठी कोणते प्रायमर वापरले, सांगाल का?